'मेट' कुणाला म्हणावं, कधी आणि कोणत्या सुरात

ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड किंवा ब्रिटनमध्ये शिकायला अथवा नोकरीला गेलेल्या माणसाच्या कानावर पहिल्याच दिवसापासून एक शब्द सारखा पडू लागतो: मेट. टॅक्सीवाला म्हणतो, कॉफी देणारा म्हणतो, घराच्या किल्ल्या हातात ठेवणारा एजंट म्हणतो, आणि गाडी चुकीच्या जागी लावली म्हणून भांडायला आलेला शेजारीही तोच शब्द वापरतो. शब्दकोश उघडावा तर तिथे 'मित्र, सोबती' एवढंच. मग हा भांडणारा शेजारी आपला मित्र कधी झाला?

नवखी माणसं इथे दोन टोकांना जातात. काही जण शब्दाला हातच लावत नाहीत आणि बस ड्रायव्हरलाही 'थँक यू, सर' म्हणत राहतात. काही जण पहिल्याच आठवड्यात दर वाक्याला 'मेट' लावत सुटतात आणि ते ऐकणाऱ्याला नाटकी वाटतं. शब्द अवघड मुळीच नाही. फक्त तो अर्थावर कमी आणि जागेवर, सुरावर जास्त चालतो. तो अंगवळणी कसा पाडायचा, ते क्रमाने पाहू.

पहिली पायरी: दोन 'मेट' वेगळे करा

इंग्रजीत हा शब्द दोन कामं करतो आणि दोन्हींचे नियम निराळे आहेत.

एक काम नामाचं. 'ही इज अ मेट ऑफ माइन', 'आय वेंट विथ माय मेट्स', 'वी आर गुड मेट्स'. इथे अर्थ खरोखरच दोस्त. ज्याच्याबरोबर आपण कामाशिवायही वेळ घालवतो, तो. ज्याच्याशी फक्त कामापुरतं बोलणं आहे तो 'वर्कमेट'. भाड्याचं घर वाटून घेतलेला तो 'फ्लॅटमेट' किंवा 'हाउसमेट', मग त्याच्याशी पटो वा न पटो. 'मेट्स रेट्स' हा शब्दप्रयोगही इथलाच: ओळखीतल्या माणसाने कामाचे नेहमीपेक्षा कमी पैसे लावले की त्याला 'मेट्स रेट्स' म्हणतात. (ती सवलत आपण होऊन मागू नये. द्यायची की नाही ते देणाऱ्याने ठरवायचं असतं, आणि मागणाऱ्याबद्दल नंतर बोललं जातं.)

दुसरं काम हाक मारण्याचं. 'थँक्स, मेट', 'सॉरी, मेट', 'नो वरीज, मेट'. इथे मैत्रीचा काही संबंध नाही. हा 'मेट' म्हणजे आपल्या 'काय राव' मधला 'राव'. 'चला राव' म्हणताना आपण कुणाला सरदार ठरवत नाही. फक्त बोलण्याला मोकळेपणा आणतो. 'मेट' तेच करतो, आणि वर एक गोष्ट सांगतो: मी तुझ्याशी बरोबरीच्या नात्याने बोलतोय, तू वरचा नाहीस, मी खालचा नाही. एवढं नीट लक्षात आलं की पुढचे बहुतेक नियम आपोआप सुचतात.

ही बरोबरी आली कुठून, तेही थोडक्यात. शब्द मध्ययुगात उत्तर जर्मनीकडच्या बोलीतून इंग्रजीत आला आणि त्याचं मूळ 'एकत्र जेवणारा' असं आहे. इंग्रजीतला 'मीट' हा शब्द आज मांसापुरता उरला असला, तरी पूर्वी तो सगळ्याच अन्नासाठी होता, आणि 'मेट' त्याच कुळातला. पुढे जहाजांवर तो रुजला. एका पंगतीला बसणारे ते 'मेसमेट', एका जहाजावरचे ते 'शिपमेट'. व्यापारी जहाजावर कप्तानाच्या खालोखालच्या अधिकाऱ्याला आजही 'फर्स्ट मेट' म्हणतात. बुद्धिबळातल्या 'चेकमेट'चा मात्र यांच्याशी काडीचाही संबंध नाही. तो फारसीतल्या 'शाह मात'चा अपभ्रंश. म्हणजे आपण मराठीत ज्याला 'शह' आणि 'मात' म्हणतो तेच दोन शब्द इंग्रजीत एकत्र जाऊन बसलेत.

ऑस्ट्रेलियात शब्दाला जास्तीचं वजन आलं ते १८५१ नंतरच्या सोन्याच्या शोधात. खाणीवर एकट्यादुकट्याचं काम नव्हतं. एकाने खणायचं, दुसऱ्याने माती धुवायची, रात्री सामान राखायचं. त्या जोडीदाराला 'मेट' म्हणत. पहिल्या महायुद्धात, २५ एप्रिल १९१५ रोजी ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडचे सैनिक तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर उतरले, आणि तिथल्या लढाईच्या आठवणींतून 'मेटशिप' ही जवळजवळ राष्ट्रीय गुण म्हणून सांगितली जाणारी गोष्ट झाली. इतकी, की १९९९ साली पंतप्रधान जॉन हॉवर्ड यांना राज्यघटनेच्या नव्या प्रस्तावनेत 'मेटशिप' हा शब्द हवा होता. विरोध झाला, शब्द मसुद्यातून गेला, आणि त्या वर्षीच्या नोव्हेंबरमधल्या सार्वमतात लोकांनी प्रस्तावनाच नाकारली. हाक मारायच्या शब्दावरून घटनेपर्यंत वाद जावा, हे त्या देशातच शोभतं.

दुसरी पायरी: उच्चार

हा भाग छोटा आहे, पण मराठी जिभेला इथे हमखास अडथळा येतो. आपण 'मेट' म्हणतो तेव्हा 'ए' आखूड निघतो, आणि इंग्रजी कानाला तो 'भेटला' या अर्थाचा, मीटच्या भूतकाळाचा शब्द वाटतो. देवनागरीत दोन्ही सारखेच दिसतात, ऐकायला नाहीत. आपला 'ए' थोडा ताणून शेवटी 'इ'कडे झुकवा: 'मेइट'. शेवटचा 'ट' ठासून म्हणू नका, जीभ टाळूला लावून तिथेच सोडून द्या. ऑस्ट्रेलियन तोंडी तोच शब्द 'माइट'च्या जवळ जातो. ती नक्कल करायच्या फंदात पडू नये. आपल्या नेहमीच्या उच्चारात म्हटलेला 'मेइट' सगळीकडे चालतो. उसना घेतलेला 'माइट' थट्टा केल्यासारखा वाटतो.

तिसरी पायरी: आधी घ्या, मग द्या

सुरुवातीचे काही दिवस शब्द वापरूच नका, फक्त ऐका. कोण कुणाला म्हणतं, वाक्याच्या कुठल्या टोकाला म्हणतं, म्हणताना चेहरा कसा असतो. तुमच्या कचेरीत साहेब हाताखालच्यांना म्हणतात का? हाताखालचे साहेबांना म्हणतात का? पहिल्या प्रश्नाचं उत्तर बहुधा 'हो' असेल. दुसऱ्याचं उत्तर जागेजागी बदलतं.

या काळात तुम्हाला मात्र तो शब्द ऐकावा लागेल आणि उत्तर द्यावं लागेल. दोन-तीन ठरावीक हाका ओळखून ठेवा.

'हाउ या गोइंग, मेट?' हा ऑस्ट्रेलियातला रामराम. तब्येतीची चौकशी नव्हे. 'गुड, मेट, युअरसेल्फ?' किंवा नुसतं 'गुड, थँक्स' पुरतं. ब्रिटनमध्ये त्याच्या जागी 'ऑल राइट, मेट?' असतं आणि तिथे तर उत्तरही 'ऑल राइट?' असं प्रश्नानेच दिलं जातं. दोघं एकमेकांना विचारतात, कुणीच सांगत नाही आणि दोघं आपापल्या वाटेने जातात. पहिल्यांदा हे पाहून चमत्कारिक वाटतं.

'यू राइट, मेट?' हे जास्त फसवं. ऑस्ट्रेलियन दुकानात काउंटरमागून हे आलं तर अर्थ 'काय हवंय, मदत करू का?' असा. तुम्ही रस्त्यात ठेचकाळलात आणि कुणी हेच म्हणालं तर अर्थ 'लागलं नाही ना?' आणि बारमध्ये कुणाकडे जरा जास्त वेळ बघितलं गेलं आणि त्याने मान वर करून हेच विचारलं, तर अर्थ 'काय बघतोस रे?' तीन शब्द, तीन प्रसंग. दुकानात 'आय अ‍ॅम फाइन, थँक यू' म्हटलं तर दुकानदार समजेल की तुम्हाला काही नको आहे, आणि तो आपल्या कामाला लागेल.

चौथी पायरी: सोपी जागा निवडा

बोलायला सुरुवात करायची तर आभार आणि माफी या दोन वाक्यांनी करा. 'थँक्स, मेट'. 'चीअर्स, मेट' (ब्रिटनमध्ये 'चीअर्स' म्हणजे बहुतेक वेळा 'थँक यू'च, प्याले भिडवण्याचा प्रसंग असावाच लागत नाही). 'सॉरी, मेट', वाटेत कुणाला धक्का लागला तर. 'नो वरीज, मेट', कुणी तुमचे आभार मानले तर.

ही वाक्यं सुरक्षित का? कारण त्यांत गोडवा आधीच आहे. 'मेट' तिथे फक्त पुस्ती जोडतो. सूर जरा चुकला तरी वाक्य कडू होत नाही. याउलट प्रश्न, सूचना, नकार यांना 'मेट' लावला की सूर सांभाळावा लागतो, आणि ते नवख्याला लगेच जमत नाही.

माणसंही सोपी निवडा. बसचा ड्रायव्हर, सामान पोचवणारा, दुरुस्तीला आलेला सुतार किंवा इलेक्ट्रिशियन, वर्गातला बरोबरीचा मुलगा. दुरुस्तीवाल्यांबाबत तर माझं मत स्पष्ट आहे: तिथे 'सर' म्हणण्यापेक्षा 'मेट' म्हणणं जास्त आदराचं आहे. 'सर' म्हटलं की ते अवघडतात, आपली खेचली जातेय का अशी शंकाही येते.

काही चुका केवळ परक्या माणसाच्याच होतात, त्या इथेच सांगून टाकतो. एकाहून जास्त माणसांना 'हॅलो मेट्स' म्हणत नाहीत. नामाचं अनेकवचन 'माय मेट्स' चालतं, हाकेचं सहसा चालत नाही. चार जण असतील तर 'गाइज' किंवा नुसतं 'हाय, एव्हरीवन'. 'हॅलो, माय मेट' किंवा 'डिअर मेट' असंही कुणी म्हणत नाही. हाकेतल्या 'मेट'ला पुढे विशेषण खपत नाही. नावाला जोडून 'मेट जॉन' होत नाही. आणि एका संभाषणात एकदा-दोनदा पुरे. दर वाक्यामागे लावणारे लोक आहेत, पण ते तिथेच जन्मलेत.

पाचवी पायरी: वाक्यातली जागा आणि सूर

खरी गंमत आणि खरा धोका दोन्ही इथे आहेत, म्हणून इथे जरा रेंगाळू.

एक वाक्य घेऊ. तुम्ही घाईत एका गेटसमोर गाडी उभी केलीय आणि आतून माणूस बाहेर येतो. तो म्हणू शकतो:

'सॉरी, मेट, यू कान्ट पार्क हिअर.'

किंवा

'यू कान्ट पार्क हिअर, मेट.'

किंवा

'मेट. यू कान्ट पार्क हिअर.'

पहिल्यात 'मेट' नकार मऊ करायला आलाय. माणसाला भांडण नको आहे, फक्त गाडी हलायला हवी. दुसऱ्यात 'मेट' शेपटीला गेलाय. सूर खाली उतरत गेला आणि चेहरा मोकळा असेल तर ही साधी माहिती आहे, पण शेवटचा शब्द तोडून, जोर देऊन आला तर ती ताकीद आहे. तिसऱ्यात शब्द सुरुवातीला आहे आणि त्यानंतर थांबा आहे. या थांब्याकडे नीट लक्ष द्या. तो माणूस एक तर अवाक झालाय किंवा तुमच्याआधी आणखी काही गाड्यांना हे सांगून वैतागलाय. तिन्ही वेळा उत्तर एकच चालतं: 'सॉरी, मेट, डिडन्ट रिअलाइज. आय विल मूव्ह इट.' आणि लगेच चावी फिरवायची. तुमच्या उत्तरातला 'मेट' इथे उपयोगी पडतो. तो म्हणतो, मी वाद घालायला उभा नाही.

आता नुसता शब्द. वाक्य नाही, फक्त 'मेट', तेवढ्यावर तिथले लोक संपूर्ण मत व्यक्त करतात. आखूड आणि सपाट: दखल घेतली, नमस्कार. वर चढत जाणारा: 'अरे, तू इथे?' लांबवलेला, खाली घसरत जाणारा 'मेऽऽइट': 'काय सांगतोस काय!' किंवा 'हे काय केलंस रे?' दोन्ही. फरक डोळ्यांत असतो. एखाद्याने सगळा पगार घोड्यांच्या शर्यतीवर उडवल्याचं सांगितलं तर त्याचा दोस्त काहीच बोलणार नाही, फक्त हा लांब 'मेट' काढेल आणि मान हलवेल. उपदेश संपला.

या लांबवलेल्या शब्दाची ताकद लंडनच्या महापौरांच्या कार्यालयानेही हेरली. जुलै २०२३ मध्ये त्यांनी एक मोहीम काढली: आपला मित्र बायकांबद्दल काही अभद्र बोलला तर भाषण ठोकू नका, भांडू नका, फक्त ताणून 'मेऽऽट' म्हणा. एवढ्याने काय होणार, अशी टीकाही झाली. मोहिमेच्या यशापयशात मी पडत नाही, पण ज्याने ती कल्पना काढली त्याला शब्दाचा सूर पक्का ठाऊक होता.

धोक्याच्या हाका वेगळ्या ओळखायला शिका. 'लिसन, मेट', 'लुक, मेट', 'वॉच इट, मेट', 'व्हॉट्स युअर प्रॉब्लेम, मेट?' यांत 'मेट'चा अर्थ नेमका उलटा झालेला असतो. मराठीत भांडण पेटायच्या आधी 'हे बघा साहेब' येतं, तेव्हा त्या 'साहेब'मध्ये जेवढा आदर असतो तेवढीच इथे मैत्री. ब्रिटनमध्ये याच जागी कधी 'मेटी' किंवा 'सनशाइन' असे लाडिक शब्दही येतात, त्यांचा अर्थ आणखी वाईट. असं काही कानावर आलं तर आवाज खाली आणा, दोन पावलं मागे व्हा. आणि काहीही झालं तरी 'आय अ‍ॅम नॉट युअर मेट' असं उलट म्हणू नका. पुस्तकी अर्थाने ते खरं असेल; तिथल्या कानांना ते आव्हान आहे.

एक उफराटी गोष्ट ऑस्ट्रेलियन लोक स्वतःच हसत सांगतात: अनोळखी माणसाला आणि ज्याचा राग आलाय त्याला 'मेट' म्हणायचं, जिवलग मित्राला शिव्या घालायच्या. अतिशयोक्ती आहे, पण तितकीशी नाही. म्हणून बरोबरचे लोक तुम्हाला 'मेट' म्हणू लागले म्हणजे गट्टी जमली, असं धरून चालू नका. आणि त्यांच्या शिव्यांची नक्कल तर मुळीच नको; ते परवाने फार उशिरा मिळतात.

सहावी पायरी: कुठे हात आखडावा

न्यायालयात नाही. मुलाखतीत नाही, समोरचे कितीही मोकळे असले तरी. पोलिसांनी गाडी अडवली तर ऑस्ट्रेलियात पोलीसच तुम्हाला 'मेट' म्हणण्याची शक्यता बरीच आहे. तुम्ही मात्र 'ऑफिसर' म्हणा किंवा काहीच म्हणू नका. पहिल्यांदा भेटलेले डॉक्टर, प्राध्यापक, घरमालक यांना नावाने हाक मारा. तिथे नावाने हाक मारणं पुरेसं सलगीचं असतं आणि चुकतही नाही. वयाने बरेच मोठे असलेले लोक बहुधा रागावत नाहीत, पण तुम्हालाच म्हणताना जड जाईल. जड जात असेल तर म्हणू नका, कुणी हिशेब ठेवत नाही.

ही सीमा तिथल्या लोकांनाही नेहमी नीट कळते असं नाही. ऑगस्ट २००५ मध्ये कॅनबेरातल्या संसद भवनाच्या सुरक्षारक्षकांना आदेश निघाला की येणाऱ्या-जाणाऱ्यांना 'मेट' म्हणायचं नाही. देशभर हलकल्लोळ झाला. सत्ताधारी आणि विरोधक, ज्यांचं एरवी कशावरच एकमत होत नाही, ते या एका गोष्टीवर एक झाले, आणि आदेश जवळपास एका दिवसात मागे घ्यावा लागला. यातून नवख्याने घ्यायचं एवढंच: 'मेट' म्हटलं म्हणून कुणाचा अपमान होतो, असं तिथला सर्वसाधारण माणूस मानत नाही. उलट 'तुम्ही मला मेट म्हणायचं नाही' हे ऐकल्यावर त्याला अपमान वाटतो.

बायकांचं काय, हा प्रश्न हमखास येतो. शब्द मूळचा पुरुषांच्या गटातला, त्यात वाद नाही. आज तरुण मुली एकमेकींना आणि मुलांना सर्रास 'मेट' म्हणतात, विशेषतः ऑस्ट्रेलियात. तरी अनोळखी स्त्रीला पुरुषाने 'मेट' म्हटलेलं काहींना मोकळं वाटतं, काहींना विचित्र. आधी तिच्या तोंडून येऊ द्या, मग तुम्ही म्हणा. मधल्या काळात 'थँक्स' एकटाच पुरतो. ब्रिटनमधल्या काही भागांत दुकानदार बाया गिऱ्हाइकाला 'लव्ह' किंवा 'डक' म्हणतात. ते ऐकून गोंधळू नका आणि उलट तेच म्हणूही नका. स्त्री वाचकांना एवढंच सांगेन की तुम्ही 'चीअर्स, मेट' म्हटलंत तर कुणीही वळून बघणार नाही.

सातवी पायरी: नकाशा बदलला की शब्द बदला

इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड: 'मेट'चं राज्य. न्यूझीलंडमध्ये जोडीला 'ब्रो' भरपूर चालतं. लंडनच्या तरुण पोरांत 'ब्रव' आहे, पण तो त्यांच्यापुरता ठेवा. स्कॉटलंडमध्ये 'पॅल' ऐकू येईल, आणि त्याचेही गोड-कडू दोन्ही सूर आहेत. आयर्लंडमध्ये 'मेट' समजतो सगळ्यांना, पण काहींना तो इंग्लंडकडचा वाटतो.

अमेरिकेत हा शब्द बाजूला ठेवा. तिथे हाकेसाठी 'मॅन', 'ड्यूड', 'बडी', 'ब्रो' आहेत. 'मेट' म्हटलं की तुम्ही ऑस्ट्रेलियन असल्याची नक्कल करताय असं वाटतं. शिवाय तिथे या शब्दाचा पहिला अर्थ जोडीदार, तोही बऱ्याचदा पशुपक्ष्यांच्या संदर्भातला. 'दिस इज माय मेट' असं म्हणून सहकाऱ्याची ओळख करून दिलीत तर समोरच्याच्या मनात काय येईल, ते तुम्हीच ओळखा. 'रूममेट', 'क्लासमेट', 'टीममेट' हे जोडशब्द मात्र जगभर बिनधास्त वापरा. त्यातही एक काळजी: अमेरिकेत नुसतं घर वाटून घेणाऱ्यालाही 'रूममेट' म्हणतात, ब्रिटनमध्ये 'रूममेट' म्हणजे खोलीच एक.

लिहिताना

मेसेजमध्ये शब्द भरपूर चालतो आणि बोलण्यापेक्षा थोडा जास्तच चालतो, कारण लिहिलेल्या वाक्यात सूर नसतो आणि 'मेट' त्याची भरपाई करतो. 'कान्ट मेक इट टुनाइट' हे कोरडं. पुढे 'सॉरी, मेट' आलं की ठीक. पण पूर्णविरामासहित नुसता 'मेट.' कुणाला पाठवू नका, तो धमकीसारखा दिसतो. कामाच्या ईमेलमध्ये 'हाय, मेट' समोरच्याने दोनदा लिहिल्याशिवाय आपण लिहू नये. अर्ज, तक्रार, भाडेकरार यांत त्याचं नावही नको.

थोडं पुढचं

ऑस्ट्रेलियात मुरलात की 'ओल्ड मेट' भेटेल. हा म्हातारा नव्हे आणि मित्रही नव्हे. ज्याचं नाव माहीत नाही किंवा घ्यायचं नाही, अशा तिसऱ्याच माणसाचा उल्लेख: 'ओल्ड मेट ओव्हर देअर', म्हणजे 'तो तिकडचा गडी'. बहुतेक वेळा त्यात हलकी थट्टा असते: रांगेत मध्ये घुसलेला, भलत्या वेळी ढोल वाजवणारा. त्याच्या समोर म्हणायचा शब्द नाही.

आणि शब्दाचा एक उपयोग कुठल्याच शब्दकोशात सापडणार नाही, पण तिथला प्रत्येक जण करतो. नाव विसरलं की 'मेट'. तीनदा भेटलेला माणूस समोर येतो, तो तुमचं नाव घेऊन हाक मारतो, तुमच्या डोक्यात अंधार. 'हे, मेट! हाउ आर यू?' एवढ्यावर अर्धा तास निभतो. फसगत होते ती तिसरा माणूस येऊन उभा राहिला की, कारण आता ओळख करून द्यायची पाळी तुमची. तेव्हा दोघांकडे आळीपाळीने बघायचं आणि विचारायचं, 'सॉरी, हॅव यू टू बीन इंट्रोड्यूस्ड?' दोघेही हात पुढे करून आपापलं नाव सांगतील. कान देऊन ऐका.